नाणी सराफाच्या काट्यावर टाकू नका: इन्शुरन्ससाठी संग्रहाची किंमत कशी काढून घ्यायची

आजोबा गेल्यावर त्यांची नाण्यांची पेटी माझ्याकडे आली. कापडी पिशव्यांमध्ये बांधलेले राणीछाप रुपये, शिवराया (शिवकालापासूनची मराठ्यांची तांब्याची नाणी), ढब्बू पैसे, थोडी निजामाची नाणी. घरातले म्हणाले याचा इन्शुरन्स काढून ठेव, म्हणून मी पिशव्या उचलल्या आणि ओळखीच्या सराफाकडे गेलो, त्यांनी सगळे चांदीचे रुपये एकदम काट्यावर टाकले, त्या दिवसाच्या भावाने गुणाकार केला आणि लेटरहेडवर आकडा लिहून दिला. तांब्याच्या शिवराया बाजूला सारल्या, "यात काही नाही" म्हणाले. तो कागद दीड वर्ष माझ्या फाईलला होता आणि मला वाटत होतं की काम झालंय.

सराफाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तो धातूची किंमत करतो, तेच त्याचं काम. पण नाण्याची किंमत ही वेगळीच गोष्ट आहे. एकच उदाहरण देतो. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया आणि १९३९ चा रुपया, दोन्ही एक तोळ्याचे म्हणजे ११.६६ ग्रॅम, दोन्हीत चांदी ९१.७ टक्के. काट्यावर दोन्ही सारखेच. पण १९३९ चा अतिशय दुर्मिळ आहे, त्याच्यासाठी संग्राहक अक्षरशः वाट बघत बसलेले असतात (आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फिरतात). तसंच १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे सगळे रुपये एकत्र तोलले की धातूचा हिशोबसुद्धा बरोबर येत नाही. आणि शिवराई तर तांब्याची, वजनाने विकली तर काहीच हातात येणार नाही, पण एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" स्पष्ट वाचता येणारी, पूर्ण छाप बसलेली शिवराई आणि नंतरच्या काळात भरमसाट पाडलेली दुदांडी शिवराई यांच्यात जमीन अस्मानाचा फरक असतो. हे ओळखणारा माणूस शोधणं हेच खरं काम आहे.

पण त्याच्याही आधी पॉलिसी वाचा. मी हे शेवटी केलं आणि तिथेच घोळ झाला. घरासाठी आता बहुतेक जण "भारत गृह रक्षा" घेतात, ती २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे एकाच स्वरूपात मिळते. तिच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत नाणी आणि कागदी चलन सरळ नाव घेऊन लिहिलेलं आहे, पॉलिसीत वेगळं स्पष्ट नमूद केलं असेल तरच ती धरली जातात. म्हणजे एजंट "घरातलं सगळं कव्हर आहे हो" म्हणाला तरी तुमची पेटी त्यात नाही! दुसरं म्हणजे त्यातली चोरी ही फक्त आग, पूर वगैरे घडल्यानंतरच्या ७ दिवसांतली चोरी, नुसतं कुलूप तोडून कोणी नेलं तर त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं लागतं. तेव्हा कंपनीला ईमेल टाका, तोंडी नको, आणि तीनच गोष्टी विचारा: नाणी मौल्यवान वस्तूंमध्ये नाव घालून धराल का, घरफोडी त्यात आहे का, आणि व्हॅल्युएशन सर्टिफिकेट कोणाच्या सहीचं चालेल. मौल्यवान वस्तूंच्या या कव्हरमध्ये एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर सर्टिफिकेटची अट माफ असते, तरी मी म्हणेन की काढून घ्याच, कारण क्लेमच्या वेळी "हे नाणं तुमच्याकडे होतंच कशावरून" हा प्रश्न येतो.

लॉकरमध्ये आहे म्हणून निश्चिंत असाल तर तेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं ३ हजार असेल तर ३ लाख. पूर, भूकंपात बँकेची चूक नसेल तर तेही नाही.

आता यादी. हे काम व्हॅल्युअरकडे जाण्याआधी घरीच करायचं, दोन-तीन रविवार जातात पण त्याला पर्याय नाही. प्रत्येक नाण्याला नंबर, दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन, व्यास, साल, राजा किंवा संस्थान, आणि टाकसाळीची खूण दिसत असेल तर ती. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर सालाखाली बघा, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नाणं कुठून आलं तेही लिहा, पावती असेल तर जोडा, नसेल तर "आजोबांकडून" एवढं लिहिलं तरी चालतं. पण शेतात नांगरताना किंवा वाड्याचा पाया खणताना सापडलेलं असेल तर विषय वेगळा, १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. ते आधी करा.

आणि कृपा करून साफ करू नका. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पितांबरी नाहीतर चिंच लावून नाणी चकाचक करायची पद्धत आहे, माझ्या आईनेही आमचे काही रुपये दरवर्षी घासले, प्रेमाने घासले, पण शंभर वर्षांत नाण्यावर चढलेला तो गडद थरच संग्राहकाला हवा असतो आणि घासलेल्या नाण्याची किंमत धाडकन खाली येते. पूजेला नवी नाणी घ्या. गळ्यातल्या माळेसाठी कडी डाग देऊन बसवलेली किंवा भोक पाडलेली नाणी वेगळी काढून यादीत तसं लिहा. जुन्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये असतील तर आजच काढा, त्याने हिरवट चिकट थर येतो.

देव्हाऱ्यातली रामदरबाराची किंवा हनुमानाची, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनी लिहिलेली "नाणी" यादीत घालू नका. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. श्रद्धेची वस्तू म्हणून देवापाशीच राहू द्या.

माणूस कुठे शोधायचा? मुंबई, पुण्यात नाणेसंग्राहकांच्या संस्था आहेत, पुण्याला कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे एका फेरीत दहा-बारा जाणकार भेटतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे ओळख पटवायला मदत होऊ शकते. मुंबईत तोडीवाला किंवा ओसवाल यांच्यासारखी लिलाव घरं आहेत, त्यांच्या जुन्या लिलावांचे भाव बघता येतात आणि तेच भाव व्हॅल्युएशनला आधार म्हणून लावता येतात, फक्त हातोड्याच्या म्हणजे शेवटच्या बोलीच्या भावावर खरेदीदाराने द्यायचं कमिशन आणि जीएसटी पडतो हे धरा. कारण इन्शुरन्सला "विकलं तर किती मिळतील" हा आकडा नको असतो, "तसंच नाणं परत घ्यायला किती लागतील" हा हवा असतो. हे वाक्य व्हॅल्युअरला आधीच सांगा. फी ठरावीक घेणारा बघा, किमतीच्या टक्क्यावर घेणारा नको, आणि जो किंमत सांगता सांगता "मलाच देऊन टाका" म्हणतो त्याच्याकडून सर्टिफिकेट घेऊ नका. काम आपल्यासमोर करून घ्या. सर्टिफिकेटवर एकेका नाण्याची वेगळी किंमत, अवस्था, किंमत कशावरून धरली ते, तारीख, सही, शिक्का. "चांदीची जुनी नाणी, १ लॉट" असं लिहिलेला कागद कामाचा नाही.

महागड्या नाण्यांचं अमेरिकेतल्या कंपन्यांकडून ग्रेडिंग, म्हणजे नाणं तपासून त्याच्या अवस्थेचा दर्जा ठरवणं, करून घ्यायचा सल्ला मिळतो. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसतं, परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. कुरियरने पाठवू नका.

पॉलिसी हातात आली की त्यात "नाणी" हा शब्द आणि तुमच्या यादीचा उल्लेख आहे का ते स्वतः वाचा, किंमत आधीच मान्य केलेली म्हणून लिहिली आहे का तेही. माझ्या पहिल्या कागदात नव्हतं, परत पाठवून दुरुस्त करून घ्यायला तीन आठवडे लागले. यादी आणि फोटो पेटीत ठेवू नका, एक प्रत मेलवर आणि एक बहिणीकडे आहे माझी. चांदीचा भाव हलतो तसं दर दोन-तीन वर्षांनी नवीन व्हॅल्युएशन, माझं पुढचं आता दिवाळीनंतर आहे, सराफाने बाजूला सारलेल्या शिवरायांची पिशवी आधी उघडणार.