तगडे डिफेन्सिव्ह एंड समोर असताना ऑफेन्स आखताय? या चुका टाळा

शनिवारी सकाळी पुढच्या शुक्रवारच्या प्रतिस्पर्ध्याचा व्हिडिओ लावायचा आणि दहाव्या मिनिटाला पोटात गोळा यायचा, हा अनुभव अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक हायस्कूल कोचला कधी ना कधी येतोच. त्यांच्या बचावाच्या लाइनच्या दोन्ही टोकांना दोन पोरं, म्हणजे डिफेन्सिव्ह एंड. एक भिंतीसारखा रुंद. दुसरा अंगानं बारीक, पण स्नॅप होताच, म्हणजे बॉल मागे गेला की, असा सुटतो की आपला टॅकल (आपल्या लाइनच्या टोकाला त्याला अडवणारा) हात उचलेपर्यंत तो क्वार्टरबॅकपाशी, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्यापाशी, पोचलेला असतो.

मी न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि फुटबॉलच्या मोसमात ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारी पोरं, बघतो. इथल्या मराठी घरांतली पोरंही आता या खेळात दिसतात. त्यांचे आईबाबा मॅचनंतर मला विचारतात, "क्वार्टरबॅक सारखा पडतोय, म्हणजे लाइनची पोरं कच्ची आहेत का हो?" बहुतेक वेळा पोरं कच्ची नसतात, आखणी चुकलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक

ती म्हणजे एंडसमोर आपला टॅकल एकटा उभा करायचा आणि "आज तू त्याला अडवायचंच" असं बजावायचं. सोळा वर्षांच्या मुलाला जोशाची गरज असतेच, पण जोशानं त्याची पहिली पावलं वेगवान होत नाहीत. हा प्रश्न एनएफएल या व्यावसायिक लीगमध्येही जोशानं सुटलेला नाही. जानेवारी १९८२ मधल्या प्लेऑफ सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरसमोर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे कोच बिल वॉल्श यांनी रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) ठेवला नाही. त्यांनी जॉन आयर्स या गार्डला (लाइनमध्ये टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा) मागे ओढून त्याच्या वाटेत उभं केलं. फोर्टीनाइनर्सनी तो सामना ३८-२४ असा जिंकला. टेलर एंड नव्हता, लाइनबॅकर (लाइनच्या मागचा बचावपटू) होता, पण धडा तोच: मदत कुठून येणार हे आधी ठरवा, मग माणूस ठरवा.

दुसरी वाट मला जास्त आवडते, ती म्हणजे एंडला कुणी अडवायचंच नाही. झोन रीड या डावात त्याला मोकळा सोडतात आणि क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघून ठरवतो. एंड रनिंग बॅककडे आत धावला, तर बॉल स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायचं. तो जागीच थांबला, तर बॉल देऊन टाकायचा. नव्वदच्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ यांनी हा खेळ रुजवला. समोरचा सर्वांत बलवान खेळाडू ताकदीनं खेळायचा सोडून विचार करायला लागतो, यात सगळं आलं.

पण इथेही घसरायला होतं. पोरं एंडच्या डोक्याकडे किंवा हातांकडे बघतात. हुशार एंड डोकं एकीकडे वळवून दुसरीकडे धावतो, म्हणून खांदे आणि कंबर बघायला शिकवा. शिवाय चांगल्या संघांकडे याचा तोडही असतो: एंड मुद्दाम आत घुसतो, क्वार्टरबॅक बॉल ठेवून बाहेर वळतो, आणि लाइनबॅकर तिथे त्याची वाटच बघत असतो. हे एकदा जरी दिसलं, तरी पुढच्या वेळी टाइट एंडला (टॅकलच्या बाहेर उभा राहणारा आपला खेळाडू) डिफेन्सिव्ह एंडच्या बाहेरून वळसा घालून त्या लाइनबॅकरवर पाठवा.

त्याच्यापासून पळत सुटणं

भारी एंड उजवीकडे असला की सगळे रन (बॉल घेऊन पळण्याचे डाव) डावीकडे. समजण्यासारखं आहे, पण समोरच्या कोचलाही ते दुसऱ्याच सिरीजमध्ये, म्हणजे बॉल आपल्याकडे दुसऱ्यांदा आला की, समजतं. त्यात मैदानाचं गणित आहे. हायस्कूलचं मैदान १६० फूट रुंद असतं आणि हॅश मार्क, म्हणजे मैदानाच्या लांबीत आखलेल्या खुणांच्या दोन रांगा, त्याचे तीन सारखे भाग करतात. बॉल हॅशवर असला, तर अरुंद बाजूला फक्त ५३ फूट ४ इंच उरतात आणि रुंद बाजूला त्याच्या दुप्पट. एंड रुंद बाजूला उभा असेल, तर त्याला टाळता टाळता तुम्ही स्वतःच गल्लीत शिरता. वर वेगवान एंड मागून धावत येऊन पकडतो तो वेगळाच.

उलट जो एंड दर वेळी सुसाट वर घुसतो, तो आपल्या आतली जागा रिकामी सोडून जातो. तिथेच जा. आतून गार्ड ओढून आणा, त्याला एंडला बाहेर ढकलू द्या आणि बॉल गार्डच्या पाठीला चिकटून आत घाला. तोच गार्ड तीन-चारदा बाजूनं येऊन आदळला, की एंड पुढे धावण्याआधी आत डोकावायला लागतो. त्याचं ते अर्धं पाऊल आपल्या टॅकलला पुरतं.

पासचं थोडक्यात. क्वार्टरबॅकचे खोल ड्रॉप (पाससाठी मागे सरकणं) कमी करा, तीन पावलांत बॉल सुटू द्या. स्क्रीन (एंडला आत येऊ देऊन टाकलेला छोटा पास) टाकताना टॅकलनं एंडला लगेच सोडलं तर त्याला वास येतो, म्हणून मनात "एक हजार एक" म्हणेपर्यंत खरंच अडवायला सांगा. आणि स्नॅप दर वेळी क्वार्टरबॅकच्या पहिल्याच आवाजावर घेऊ नका. मात्र आवाज बदलायचा सराव बुधवारपर्यंत झाला नसेल, तर आपलीच पोरं आधी हलतात आणि दंडात पाच यार्ड जातात.

रनिंग बॅकला मदतीला ठेवलंत, तर तो कुठल्या बाजूनं येणार हे टॅकलला माहीत हवं. बॅक बाहेरून धक्का देणार असेल, तर टॅकलनं आतली वाट धरायची. एक गोष्ट मात्र अजिबात चालवून घेऊ नका: टॅकल एंडशी भिडलेला असताना बॅकनं गुडघ्यांवर झेप घेणं. तो चॉप ब्लॉक आहे, पंधरा यार्डांचा दंड आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कुणाच्या तरी मुलाचा गुडघा आहे.

सरावातला खोटा एंड

आठवडाभर नववीतलं एखादं बुजरं पोर एंड म्हणून उभं करतात. ते अर्ध्या वेगानं येतं, टॅकलची वेळ त्यावर बसते, आणि शुक्रवारी सगळं उशिरा पडतं. मी आमचा सर्वांत चपळ रिसीव्हर (पास झेलणारा) तिथे उभा करतो आणि स्नॅपच्या किंचित आधीच हातानं इशारा करून सोडतो. अंगावर आदळायचं नाही, फक्त पावलं जुळवायची.

गेल्या मोसमात दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा दहावीतला उजवा टॅकल बाकावर येऊन बसला. हातमोज्यांवर गवत, श्वास वर-खाली. म्हणाला, "कोच, पास आहे की रन, हे त्याला आधीच कळतंय." पुढच्या सिरीजला मी बॉल सोडून फक्त आमच्या टॅकलकडे बघितलं. पास असला की त्याचा उजवा पाय अर्धा बूट मागे जात होता आणि जमिनीवरच्या बोटांवरचा भार निघून जात होता. रन असला की तीच बोटं मातीत रुतलेली. एंड ती बोटं वाचत होता. चार महिने रोज त्या मुलासमोर उभा राहूनही मी ती बघितली नव्हती.

तेव्हापासून हाफटाइमच्या पंधरा मिनिटांत मी फळ्याकडे जाण्याआधी दोन्ही टॅकलपाशी बसतो. तीनच प्रश्न विचारतो: एंड आत येतोय की बाहेरून, दमल्यावर काय करतो, आणि बॉल त्याच्या दिशेला आल्यावर तो तुझ्याकडे बघतो की बॅककडे. त्या रात्री तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं, "बॅककडे, दर वेळी." तिसऱ्या क्वार्टरचा आमचा पहिला प्ले त्या उत्तरावरच आखला: बॅकला डावीकडे पळवलं आणि बॉल क्वार्टरबॅककडेच ठेवला.