कोल्हापुरात लायनफिश पाळायचाय? आधी माझं ऐका

दर आठवड्याला एखादा तरी मेसेज येतोच, "दादा, लायनफिश घ्यायचाय, तीन फुटी टँक आहे, चालंल का?" नाही चालत भावा. लायनफिश म्हणजे पंखासारखे कल्ले आणि विषारी काटे असलेला समुद्री मासा. दुकानात बघतो तो चार इंची असतो, नीट खाल्लंपिल्लं तर बघता बघता फूटभर होतो, पंधरा इंचापर्यंत जातो, आणि पंख पसरले की आडवाही तेवढाच दिसतो. माझा टँक पाच बाय दोन बाय दोन फूट आहे आणि तोही आता मला कमीच वाटायला लागलाय.

पाच-दोन-दोन म्हणजे साधारण ५६० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच साडेपाच क्विंटलच्या वर, त्यात काच, दगड, वाळू वेगळी. आमचं घर मंगळवार पेठेतलं जुनं, वरचा मजला लाकडी, आणि मला टँक वर माझ्या खोलीतच पाहिजे होता. उद्यमनगरात स्टँड वेल्डिंगला टाकायला गेलो तर मिस्त्रीनं वजन विचारलं आणि म्हणाला, "स्टँडला काय होत नाही, घर खाली यील." टँक खाली सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात आला.

पाण्याचं म्हणाल तर रत्नागिरी काय लांब नाही, आंबा घाट उतरला की झालं, म्हणून सुरुवातीला मी कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं. एकदाच. किनाऱ्यावरचं पाणी गढूळ, पावसाळ्यात त्यात नदीचं पाणी मिसळून खारटपणा उतरलेला, आणि डिझेलचा खर्च वेगळाच. आता आरओचं पाणी आणि मरीन सॉल्ट, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, १.०२५ आलं की बास. घरातलं खडेमीठ चालत नाही हो, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम पाहिजे तेवढं नसतं. पंधरा दिवसांनी शंभर लिटर बदलतो, म्हणजे साडेतीन किलो सॉल्ट गेलं, हा हिशोब मासा घ्यायच्या आधी करा. २०१९ च्या महापुरात गावात कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं, तेव्हा माझा टँक नव्हता, पण ते डोक्यात बसलंय म्हणून एक ड्रम कायम कालवून झाकून ठेवलेला असतो.

घाई करू नका. मला एका दुकानदारानं माशाची घाण पचवणारे बाटलीतले बॅक्टेरिया देऊन "आठ दिवसात मासा सोडा" सांगितलं, मी सोडले, दोन डॅमसेल (छोटे समुद्री मासे) गेले. टेस्ट केली तर घाणीतनं होणारा विषारी अमोनिया नुसता चढलेला. मग टँक बिनमाशाचा ठेवून त्यात एक कोळंबी कुजत टाकली, बॅक्टेरिया वाढून अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट व्हायला सहा आठवडे गेले, पहिले दोन्ही शून्यावर आल्यावरच मासा आणला. घरातले म्हणायचे, नुसत्या पाण्याला लाइट लावून बसलाय. आणि स्किमर, म्हणजे फेसातनं पाण्यातली घाण काढायचं यंत्र, टँकपेक्षा एक साइज मोठाच घ्या, हा मासा खातो दाबून आणि घाणही तशीच करतो.

एप्रिलमध्ये टँक ३१ डिग्रीला गेला. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, मासा वर येऊन धापा टाकायला लागतो. पाणी गार करायचा चिलर परवडत नव्हता तर पाण्यावर दोन फॅन मारले, दोन-तीन डिग्री उतरलं, पण पाणी उडायला लागलं आणि मीठ तेवढंच, त्यामुळं खारटपणा वाढला. तेव्हा उडालेल्या पाण्याची भर गोड्या आरओच्या पाण्यानंच करायची, खाऱ्या नाही. लाइट गेली की रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत सोडणारा) आणि एअर पंप इन्व्हर्टरवर.

काटे विषारी असतात, पाठीवरचे तेरा धरून एकूण अठरा. काच पुसताना मासा कोपऱ्यात आहे म्हणून निवांत हात घातला आणि तो कधी मागं आला कळलं नाही, अंगठ्यात गेला. कोपरापर्यंत आग, डोळ्यातनं पाणी. सोसंल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, उष्णतेनं विष कमजोर पडतं, आणि दवाखान्यात जायचंच. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "मासा? सोप्यात?"

टँकमध्ये जिवंत कोरल किंवा समुद्रघोडा ठेवायचा मोह होईल, ते वन्यजीव कायद्यात येतं, कुणी "गुपचूप देतो" म्हणालं तरी नको. तसंही तोंडात मावंल ते सगळं हा गिळतो.

खरी कसोटी खाण्याची. समुद्रातनं धरून आणलेला मासा मेलेल्याकडं बघतही नाही. बरेच जण गोड्या पाण्यातले गप्पी सोडतात, पण त्यानं पुढं लिव्हर बिघडतं. मी प्लॅस्टिकच्या काडीला कोळंबीचा तुकडा लावून पाण्यात हळूहळू हलवत बसायचो, रोज दहा मिनिटं. नऊ दिवस काय नाही. दहाव्या दिवशी पंख पुढं घेऊन तो तुकड्यासमोर थांबला, तिरका झाला, आणि काडीवरचा तुकडा गायब, तोंड उघडलेलं दिसलंसुद्धा नाही. मी एकटाच ओरडलो. आता कोळंबी, म्हाकूळ (स्क्विड) आलटून पालटून, आठवड्यातनं तीनदा, रोज दिलं तर चरबी चढते.

मंगळवार-शुक्रवार आई घरात कोळंबी सोलू देत नाही. म्हणून ह्याचे वार सोमवार, बुधवार आणि शनिवार. आणि बुधवारी आमचं मटण चुलीवर चढलं की हा सोप्यात काचेला नाक लावून उभा.