मयूरशिखा आणि बाशिंग: नेच्यांच्या अभ्यासात येणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने नेचा पाहिलेला असतो. हृदयाच्या आकाराचा प्रोथॅलस (स्पोरमधून आधी उगवणारी छोटी अवस्था), सोरसचा (पानावरच्या स्पोरांच्या पुंजक्याचा; स्पोर म्हणजे बीजासारखे सूक्ष्म कण) छेद, जर्नलातली आकृती, आणि परीक्षा झाली की तो विषय बंद. मी मात्र त्याच गटात राहिले. उष्ण कटिबंधातले नेचे कधी घडले आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात कसे पोचले, हा प्रश्न मला सोडवेना. या वाटेने येऊ पाहणारे विद्यार्थी आता विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. नेचे म्हणजे डायनोसॉरच्याही आधीची, जशीच्या तशी उरलेली झाडं, असं सगळीकडे ऐकू येतं. घराणं खरोखरच जुनं आहे, जीवाश्म डायनोसॉरच्याही आधीच्या डेव्होनियन काळापर्यंत मागे जातात. ऑस्मुंडासारखे काही वंश फार कमी बदललेही आहेत. स्वीडनमध्ये सापडलेल्या ज्युरासिक काळातल्या ऑस्मुंडाच्या खोडात पेशींची केंद्रकंसुद्धा शाबूत होती. पण आज जिवंत असलेल्या नेच्यांपैकी सुमारे ८० टक्के जाती पॉलिपॉड गटातल्या आहेत, आणि या गटाचा मोठा विस्तार क्रेटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळात, व त्यानंतर झाला. २००४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या डीएनए आणि जीवाश्म यांच्या एकत्रित अभ्यासाने हे ठळकपणे पुढे आणलं. सपुष्प वनस्पतींची जंगलं उभी राहिली, त्यांच्या सावलीत आणि फांद्यांवर नव्या जागा तयार झाल्या, आणि नेच्यांनी त्या भरल्या. मंद उजेड ओळखणारं निओक्रोम हे जनुक तर नेच्यांकडे अँथोसिरॉस या शेवाळासारख्या चिमुकल्या वनस्पतीच्या गटाकडून आलं, असं २०१४ साली दाखवून दिलं गेलं. सावलीत जगण्याचं कौशल्य एका वेगळ्याच गटाकडून मिळावं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

म्हणून कामाला लागताना घराण्याचं वय आणि जातीचं वय नेहमी वेगळं धरा. नव्या मुलांच्या सेमिनारमध्ये सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. आफ्रिकेत आणि भारतात एकच नेचा दिसला की लगेच ‘गोंडवन’, म्हणजे हे भूभाग पूर्वी जोडलेले होते तो प्राचीन महाखंड, हे उत्तर येतं. भारत मादागास्करपासून सुटला तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. दोन्हीकडच्या नेच्यांची फारकत वंशवृक्षावर समजा एक कोटी वर्षांपूर्वीची निघाली, तर त्या वेळी मध्ये समुद्र होताच. मग जमीन सरकली हे उत्तर बाद होतं. एकतर वाऱ्यावर स्पोर आले, किंवा अरबस्तानासारख्या जमिनीवरून टप्प्याटप्प्याने जात पसरली. तारीख आधी, कथा नंतर.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचा तर इथे मोठाच फायदा आहे. आपला सह्याद्री दख्खनच्या लाव्हाचा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक प्रवाह साचत गेले आणि काही ठिकाणी थराची जाडी किलोमीटरच्या पुढे गेली. दोन प्रवाहांच्या मधल्या शांततेत तळी होती, त्यांत पाणनेचेही होते. छिंदवाड्याकडच्या अशा आंतरट्रॅप (दोन प्रवाहांमधल्या) थरांतला अझोला हा पाणनेचा पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वर्णिलेला आहे. पण आज लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या कड्यावर जो नेचा दिसतो, त्याचे पूर्वज या खडकावर नंतरच कधीतरी आले. इथला प्रत्येक नेचा स्थलांतरित आहे. तो कुठून आला हे विचारायला याहून चांगली जागा नाही.

पहिल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना दोनच नकाशे काढायला लावते. एक मयूरशिखेचा, म्हणजे अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस रॅडिएटाचा. कोरड्या खडकांच्या फटीत, किल्ल्यांच्या तटबंदीत हा छोटासा पंखा सापडतो. उन्हाळ्यात सुकून आवळून बसतो आणि पावसाने पुन्हा उघडतो. त्याचा पसारा आफ्रिका, अरबस्तान, भारत, श्रीलंका असा आहे. दुसरा नकाशा बाशिंगाचा, ड्रायनेरिया क्वेर्सिफोलियाचा. झाडाच्या बुंध्यावर तपकिरी, ओकच्या पानासारखी पानं लावून त्यांत पालापाचोळा साठवणारा नेचा, तोच हा. याचा पसारा भारतापासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंत जातो. एकाच घाटात, कधी एकाच वाटेवर दोघे भेटतात. एकाचे नातलग पश्चिमेच्या रखरखीत प्रदेशात, दुसऱ्याचे पूर्वेच्या दमट जंगलात. हे दोन नकाशे शेजारी ठेवले की सह्याद्रीतले नेचे एकाच दिशेने आलेले नाहीत, हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

मग प्रश्न येतो की स्पोर जर धुळीइतके बारीक, तर प्रत्येक नेचा सगळीकडे का नाही? पोचणं खरोखर सोपं आहे. १८८३ साली इंडोनेशियातल्या क्राकाटोआ या ज्वालामुखी बेटाचा स्फोट झाला, बेटावर काही उरलं नाही. १८८६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रोइब तिथे गेले तेव्हा राखेवर ११ जातींचे नेचे उगवलेले होते. शिवाय बहुतेक नेच्यांत एकाच प्रोथॅलसवर नर आणि मादी दोन्ही अवयव येतात, त्यामुळे एकटा स्पोरही नवी वस्ती वसवू शकतो. ते सगळ्या जातींना जमत नाही. काहींमध्ये स्वफलनाने निरोगी रोप होत नाही. याउलट सुमारे १० टक्के जाती फलनाशिवायच प्रोथॅलसपासून रोप तयार करतात, त्यांना फलनासाठी लागणाऱ्या पाण्याच्या थेंबाचीही वाट पाहावी लागत नाही. खरी चाळणी पुढे लागते, ती म्हणजे रुजल्यावर ओल किती महिने टिकते. हायमेनोफायलमच्या कुळातल्या नेच्यांचं पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं. आपल्याकडच्या सात-आठ कोरड्या महिन्यांत त्याचा निभाव कसा लागणार? म्हणून केरळकडे जावं तशा जाती वाढतात. जगात सर्वांत जास्त नेचे अँडीज, न्यू गिनी, बोर्निओच्या किनाबालू अशा उष्ण कटिबंधातल्या ढगाळ डोंगरांवर आहेत, त्याचंही कारण हेच.

हाताने करायच्या कामाबद्दल. दहापट भिंग घ्या आणि शहरातल्या जुन्या चुन्याच्या भिंतीपासून सुरुवात करा. तिथे टेरिस व्हिटाटा असणारच. २००१ साली आर्सेनिक शोषून साठवणारा म्हणून गाजलेला नेचा तो हाच. सड्यांवर पहिल्या पावसानंतर ओफिओग्लॉसम हा नेचा शोधा. बोटभर उंचीची ही वनस्पती, पण तिच्या एका जातीत १४४० गुणसूत्रं आहेत, वनस्पतींतली ज्ञात सर्वोच्च संख्या. प्रोथॅलस पाहायचे तर जुलैत घाटरस्त्याच्या कडेची ओली माती बघा, पक्व स्पोर पावसाळा सरत आल्यावर मिळतात.

नमुना घेताना सोरस असलेलं पान हवंच, आणि खोडाचा खवल्यांसह तुकडा. खवल्यांशिवायचा नमुना ओळखताना पुढच्या माणसाचे हाल होतात. डीएनएसाठी पानाचा कोवळा तुकडा लगेच ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये टाका, बाकीचा रद्दीत दाबा. उंची, खडक, ओल, झाडावर की जमिनीवर, हे जागेवरच लिहा. वनखात्याची परवानगी आधी काढा. वृक्षनेचे तर साइट्सच्या, म्हणजे वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. मयूरशिखा औषधासाठी आधीच ओरबाडली जाते, तिचं एखादं पान पुरतं.

हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, सुट्टी लावून जा. मुंबईचं सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आणि आघारकर संस्थेचं, ही तीन आपल्या हाताशी आहेत. ब्लॅटर आणि डाल्मेडा यांचं मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवरचं पुस्तक १९२२ चं आहे. त्यातली नावं आता बरीच बदललेली आहेत, तेव्हा नेच्यांच्या २०१६ च्या पीपीजी या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी ताडून घ्या. नकाशावरचा रिकामा भाग पाहताना तिथे नेचा नाही की तिथे कोणी गेलंच नाही, हे मात्र नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या वाचूनच कळतं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. केवळ नेच्यांवर जागा निघत नाहीत. नेट काढा, वर्गीकरणाबरोबर आर ही संगणकभाषा शिका, वंशवृक्ष बांधायला आणि जीवाश्मांवरून त्याच्या तारखा लावायला शिका. जीवाश्म कोणत्या फांदीवर ठेवला यावरून कोट्यवधी वर्षांचा फरक पडतो, म्हणून ते काम कोणाच्या तयार फाइलवर सोडू नका. पीएच.डी.चा विषय शोधत असाल तर एक वंश निवडा, त्याचा प्रसिद्ध झालेला वंशवृक्ष उघडा आणि त्यात सह्याद्रीतला नमुना आहे का ते बघा. नसेल, तर मार्गदर्शकाला भेटायला जाताना तो वंशवृक्ष छापून सोबत न्या.