स्तनदा मातांसाठी गट चालवताय? या चुका टाळा

दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला जागतिक स्तनपान सप्ताह येतो आणि मुंबईतील अनेक महिला मंडळे, बचत गट व सोसायट्या त्यानिमित्ताने एखादे व्याख्यान ठेवतात. सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणींची मुले एव्हाना शाळेत जाऊ लागलेली असतात. जिचे बाळ आठ दिवसांचे आहे, ती त्या वेळी घरी अर्धवट झोपेत असते. वस्तीतील मदत फसते ती बहुधा येथेच. सल्ला देणारे पुष्कळ असतात, पण पहिल्या दोन आठवड्यांत शेजारी येऊन बसणारे माणूस नसते, आणि पुढील बहुतेक चुका त्याच उणिवेतून निघतात.

बैठकीची वाट पाहणे

सव्वा महिना घराबाहेर न पडण्याची रीत अजून अनेक घरांत पाळली जाते. ती नसली, तरी सिझेरियनचे टाके असलेली बाळंतीण लिफ्ट नसलेल्या इमारतीचे मजले उतरून मासिक बैठकीला येईल, ही अपेक्षा चुकीची आहे. ओळख सातव्या महिन्याच्या सुमारासच करून घ्यावी, बाळंतपण येथे होणार की माहेरी हे विचारून ठेवावे आणि ती रुग्णालयातून घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत भेट द्यावी. माहेर साताऱ्याला किंवा रत्नागिरीला असेल, तर फोन करावा. आशा, अंगणवाडी सेविका आणि महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका यांचे घरोघरी जाणे असतेच, त्यामुळे त्यांना वगळून वेगळी यादी करण्याचा उद्योग गटाने करू नये.

‘दूध पुरत नाही’ ऐकताच उपाय सांगणे

हे वाक्य कानावर पडले की कोणी पावडरचा डबा सुचवते, तर कोणी अळिवाचे लाडू पाठवते. लाडू पौष्टिक आहेत, बाळंतिणीने ते खुशाल खावेत. मात्र दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार आणि नीट ओढल्याने, कारण स्तन जितके रिकामे होतात तितके नवे दूध तयार होते. डब्याचे दूध विनाकारण सुरू झाले की बाळाचे पोट भरते, ते अंगावर कमी पिते, त्यामुळे दूध खरोखरच घटते आणि मूळची निराधार तक्रार काही दिवसांत खरी ठरते.

म्हणून आधी तपासावे. पाचव्या दिवसानंतर बाळाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, जन्मानंतर थोडे घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघाले असेल आणि बाळ जागेपणी तरतरीत असेल, तर दूध पुरते आहे असे समजायला हरकत नाही. नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पिते. संध्याकाळी ते पुन्हा पुन्हा मागते, तेही नेहमीचेच आहे. घरच्यांना मात्र नेमके तेव्हाच दूध आटल्यासारखे वाटते. लघवी कमी होत असेल, वजन वाढत नसेल किंवा बाळ पिण्यासाठीही जागे होत नसेल, तर गटाने चर्चा करत न बसता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

त्यानंतर पकड पाहावी. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बोंडासोबत भोवतालचा काळसर भागही तोंडात, अशी ती असावी. बोंडाला भेगा पडत असतील, तर केवळ मलम लावून भागत नाही. पकड सुधारावी लागते, आणि ती व्याख्यानातून शिकवता येत नाही. पाठीला उशी देऊन, बाळाचे सगळे अंग आईकडे वळवून, अनुभवी बाईने शेजारी बसून ती दाखवावी लागते. स्तनात लालसर, दुखरी गाठ येऊन ताप भरला, तर डॉक्टरांना दाखवावे, पण त्या बाजूने पाजणे बंद करू नये.

मुंबईच्या उकाड्यात बाळाला पाणी द्यावे का, हा प्रश्न हमखास येतो. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणी असते, त्यामुळे पहिले सहा महिने वेगळे पाणी लागत नाही. घुटीही या काळात नको, आणि मध तर वर्षभर नको, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सासूबाईंना चुकीचे ठरवणे

एका खोलीच्या घरात शेवटचा शब्द बहुधा सासूबाईंचा किंवा आईचा असतो. कार्यकर्तीने सुनेसमोर त्यांना खोडून काढले, तर पुढच्या भेटीत दार उघडेलच असे नाही. त्यांच्या अनुभवापासून बोलणे सुरू करावे आणि त्यांच्याकडे कामे सोपवावीत: ढेकर काढणे, बाळाला झोपवणे, बाळंतिणीला गरम जेवण हातात देणे. पहाटे नळाचे पाणी भरणे आणि मोठ्या मुलाला शाळेत सोडणे ही नवऱ्याची कामे आहेत, हे गटाने स्पष्ट सांगितले तरी पुष्कळ साधते.

प्रायोजक म्हणून बालआहार कंपनी घेणे

सुदृढ बालक स्पर्धेच्या बक्षिसांसाठी मंडळे अशा कंपन्यांकडे सहज जातात. १९९२ च्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचे पर्यायी दूध, बालआहार आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करण्यास, मोफत नमुने वाटण्यास व विक्रीसाठी मातांशी संपर्क साधण्यास मनाई आहे. कंपनीचा फलक लागला की गटाच्या शब्दाला किंमत उरत नाही. मात्र जी आई डॉक्टरांच्या सल्ल्याने किंवा स्वतःच्या निर्णयाने डब्याचे दूध देते, तिला बैठकीत ओशाळवाणे करू नये. टोमणे ऐकलेली बाई पुढच्या वेळी अडचण सांगायला येणार नाही.

कामावर परतण्याचा विचार उशिरा करणे

नोंदणीकृत आस्थापनांतील पात्र महिलांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा, बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघराची सोय कायद्याने मिळते. घरकाम करणाऱ्या बाईच्या वाट्याला यातले बहुधा काहीच येत नाही, त्यामुळे गटाची खरी कसोटी तेथे लागते. तिचे बाळ सांभाळणाऱ्या शेजारणीला काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजायला शिकवणे अनेक व्याख्यानांपेक्षा उपयोगी आहे. काढलेले दूध २५ अंशांपर्यंत सुमारे चार तास टिकते, असे सांगितले जाते. मुंबईत मे महिन्यात घरातही त्याहून अधिक तापमान असते, म्हणून ते लगेच फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत ठेवावे. फ्रीजमध्ये ते चार दिवसांपर्यंत चालते.

हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजण्यासाठीची स्वतंत्र खोली, उभारताना तो स्वच्छतागृहाला लागून नसावा आणि त्याला आतून कडी, खुर्ची व हात धुण्याची सोय असावी. किल्ली सुरक्षारक्षकाकडे मागावी लागत असेल, तर त्या खोलीत कोणी जात नाही.

दुधाची परस्पर देवाणघेवाण करणे

‘माझ्याकडे जास्त दूध आहे, कोणाला हवे का,’ असे संदेश व्हॉट्सअॅप गटांत येतात. हेतू चांगला असला, तरी तपासणी न झालेल्या दुधातून संसर्ग पोहोचू शकतो, आणि मानवी दुधाच्या विक्रीविरुद्ध अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये बजावले आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दुग्धपेढीत दात्या मातेची तपासणी होते, दूध पाश्चराइज केले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना ते प्राधान्याने मिळते. असा संदेश दिसताच गटाच्या अॅडमिनने तो काढून टाकावा आणि पाठवणाऱ्या मातेला स्वतः फोन करून जवळच्या दुग्धपेढीत कधी, कोणाला भेटायचे ते सांगावे.