किल्ली मुलींच्या हातात द्या

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, तेव्हा संगणक कक्षाला कुलूप होतं. किल्ली ऑफिसच्या कपाटात. आत दहा संगणक प्लॅस्टिक पांघरून बसलेले. 'मुली बिघडवतात' असं सांगण्यात आलं. तुम्ही नव्याने शाळेची जबाबदारी घेत असाल, तर नवीन खरेदीचा ठराव मांडण्याआधी आपल्या शाळेतली अशी कुलपं शोधा.

पहिल्यांदा मी चुकले ते वेळेत. शाळा सुटल्यावर संगणकाचा तास ठेवला. आठवड्याभरात दोनच मुली उरल्या. मला वाटलं, गोडी नाही. शेवटी नववीतली एक म्हणाली, "बाई, सव्वापाचची एसटी चुकली की अंधार पडतो. घरचे शाळाच बंद करतील." एसटीचा मोफत पास मुलींच्या हातात असतो, गाडीची वेळ नसते. शिवाय घरात फोन एकच, तोही बहुतेक वेळा भावाच्या खिशात. मशीन हाताळायला या मुलींना शाळेतलेच तास मिळतात. तास लगेच वेळापत्रकात घेतला. त्यासाठी दोन शिक्षकांची नाराजी ओढवली, ती सोसली.

नेटवर विसंबू नका. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवर चालतात, पण सगळ्या मुली एकदम व्हिडिओ उघडू लागल्या की सगळं अडतं. धडे आदल्या दिवशी उतरवून ठेवा. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, फुकट आहेत, एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात. भारनियमनाचे तास पाहूनच तास लावा.

नववीला धाराविद्युत शिकवताना फेटवर परिपथ जोडायला दिला. एक मुलगी माउसवर बोट ठेवून नुसती बसली होती. "बाई, बिघडलं तर?" म्हटलं, बिघडव. तिने बॅटरीची दोन टोकं सरळ तारेने जोडली आणि पडद्यावर ज्वाळा उठल्या. ती दचकून मागे सरली, मग शेजारणीला ओढून आणलं आणि पुन्हा पेटवून दाखवलं. शॉर्टसर्किट त्या वर्गाला वेगळं शिकवावं लागलं नाही. त्याच आठवड्यात कक्षाची किल्ली मुलींकडे दिली, दर महिन्याला दोघींकडे. नोंदवही त्याच लिहितात, केबल सैल झाली तर त्याच बघतात.

यातलं सगळ्यात मोलाचं काम मात्र आयांबरोबर झालं. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून ३ जानेवारीला आयांना बोलावलं आणि भाषणं टाळली. प्रत्येक मुलीने आपल्या आईला घरचा सातबारा पडद्यावर काढून दाखवायचा, एवढाच कार्यक्रम. गट नंबर आधी आणायला सांगितले होते. एक बाई बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत होती. मुलीने 'इतर अधिकार'चा रकाना दाखवला. तिथे आईचं नाव होतं. "हे छापून मिळतं का गं?" तिने विचारलं. मुलीने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मिळतं की. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत."

शनिवारी संगणकासाठी थांबायचं तर त्या मुलीला आधी घरून चिठ्ठी आणावी लागायची. पुढच्या शनिवारी आईच तिला सोडायला आली, आणि बरोबर जावेलाही घेऊन आली. जावेच्या हातात गट नंबर लिहिलेला कागद होता.