गोल्डनरॉडचा नुसता शेंडा आणू नका

हर्बेरियमसाठी (दाबून, वाळवून शीटवर लावलेल्या वनस्पतींचा संग्रह) गोल्डनरॉड घेतलेल्या जुनिअर्सनो, आधी हे वाचा. कुळ अ‍ॅस्टरेसी, वंश सॉलिडॅगो, इथवर सहसा कुणी अडत नाही. खरी दमछाक जातीपाशी होते. माझीही तिथेच झाली.

मी नमुना नाशिकच्या सराफ बाजारातून आणला, बुकेत भरायला नेतात ती जुडी. दाबली, वाळवली आणि शीटवर सॉलिडॅगो कॅनडेन्सिस लिहून मोकळी झाले, कारण एक सिनिअर म्हणाली होती, "लागवडीत तेच असतं गं, टाक लिहून." प्रॅक्टिकलला परीक्षकांनी एवढंच विचारलं, "खालची दांडी कुठे आहे?" तोंडातून शब्द फुटेना. असले आयते सल्ले ऐकूच नका.

घोळ नीट समजून घ्या. कॅनडेन्सिस, अल्टिसिमा, जायजँटिया या तिघींच्या पानात मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना एकेक ठळक शीर धावते. फुलोऱ्यातही वाकलेल्या फांदीवर सगळी हेड्स (एकेका फुलासारखे दिसणारे बारीक फुलांचे गुच्छ) एकाच बाजूला. फरक दांडीच्या लवेत. जायजँटियाची दांडी फुलोऱ्याखाली गुळगुळीत. कॅनडेन्सिसची बुडाशी जवळजवळ गुळगुळीत, वर जाल तशी लव वाढते. अल्टिसिमाला लव खालपर्यंत. शेंड्याला या शेवटच्या दोघी सारख्याच लवदार, मग नुसत्या शेंड्यावरून निवाडा करणार कसा? त्यात बाजारातल्या जुडीची खालची पानं ओरबाडलेली, दांडी बादलीत भिजलेली, हाताळून लव झडलेली. ती गुळगुळीत लागली म्हणून जायजँटिया ठरवाल, तर तीही चूकच.

घाबरू नका, हे दुरुस्त होतं. मी जानोरीकडच्या एका शेतकरी काकांकडे गेले. त्यांनी कुदळ घालून जमिनीतल्या आडव्या खोडासकट रोप काढून दिलं. बूड, मध्य, शेंडा असे तीन तुकडे एकाच शीटवर लावले. दांडी उन्हात आडवी धरून लेन्स लावली, तर अगदी बुडाशीही बारीक लव चमकत होती. म्हणजे अल्टिसिमा? पण इन्व्होल्यूकर, म्हणजे हेडला खालून वेढणारा हिरवट छदांचा पेला, उंचीला भरलं जेमतेम अडीच मिमी. कॅनडेन्सिसचं ते बहुधा ३ मिमीच्या आत असतं, अल्टिसिमाचं सहसा ३ ते ४. (मोजताना उमललेलं हेड घ्या. मी पहिल्यांदा कळ्या मोजत बसले होते.)

फुलशेतीत संकरित वाणही असतात, त्यामुळे असा पेच येऊ शकतो. मी शीटवर सॉलिडॅगो, लागवडीतला वाण, एवढंच लिहिलं आणि दोन्ही निरीक्षणं खाली नोंदवली. ते मान्य झालं. जात न लिहिण्यात काही कमीपणा नाही, अंदाजाने लिहिण्यात आहे.

अ‍ॅपला विचारायचं तर वंशापुरतं विचारा, फोटोत लव दिसत नाही. नाव सांगून टाकणाऱ्या गाइडपेक्षा हातात लेन्स देऊन गप्प बसणारे गाइड मिळाले, तर त्यांना सोडू नका.

हेड सुईने उघडायचा हात अजून बसला नसेल, तर भाद्रपदात अंजनेरीवर सोनकी फुललेली असते. तीही याच कुळातली. दोन-चार हेड्स पुरतात, रोप उपटू नका.