नवतप्यातील परसबाग : भाजीपाला मृगापर्यंत कसा जगवावा

विदर्भातील उन्हाळ्याचा खरा कस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लागतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि तेथून पुढचे नऊ दिवस नवतपा म्हणून ओळखले जातात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या गावांनाही ४५ अंशांच्या पुढचे आकडे नवे नाहीत. हवामान विभाग मैदानी प्रदेशात ४५ अंशांना उष्णतेची लाट आणि ४७ अंशांना तीव्र लाट मानतो. परंतु हे तापमान सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर मोजलेले असते. उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग भर दुपारी त्याहून कितीतरी अधिक, कधी ६० अंशांच्या आसपास तापतो, आणि वांग्याचे किंवा मिरचीचे झाड त्या मातीत उभे असते.

७-८ जूनला मृग लागतो, मोसमी पाऊस विदर्भात साधारणपणे जूनच्या मध्याला स्थिरावतो. म्हणजे परसबाग सांभाळायची ती तीन ते चार आठवडे. या काळात तोडणी किती होते याचा हिशेब बाजूला ठेवावा आणि झाडाची मुळे जिवंत राहतील एवढेच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण मुळे टिकलेले झाड पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत फुटते, तर फळांच्या लोभाने खतपाणी देऊन ताणलेले झाड बहुधा त्याच लाटेत मान टाकते.

बहुतेक जण ऊन वाढले की सर्वप्रथम पाणी वाढवतात. त्याआधी सावलीची सोय करावी. त्यातही डोक्यावरच्या सावलीपेक्षा पश्चिमेची आडोशाची बाजू महत्त्वाची आहे, कारण दुपारी दोन ते पाच या वेळातील तिरपे ऊन आणि त्याच दिशेने येणाऱ्या गरम झळा पानांतील ओल सर्वांत वेगाने ओढून घेतात. शेडनेट घ्यायची असल्यास भाजीपाल्यासाठी ५० टक्के सावलीची पुरेशी होते. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली वेल आणि भेंडी उंच, लुसलुशीत आणि फुलांविना वाढतात. जाळी झाडांच्या शेंड्यांपासून निदान दोन फूट वर ताणावी, नाहीतर तिच्याखाली गरम हवा कोंडते आणि शेंडे भाजतात. पूर्वेची बाजू मोकळी सोडावी, म्हणजे सकाळी दहापर्यंतचे कोवळे ऊन झाडांना मिळते आणि तेवढे त्यांना पुरते.

विकतची जाळी हवीच असे मुळीच नाही. शेताशी संबंध असलेल्या घरी तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्या, या दिवसांत पडूनच असतात. त्यांची ताटी बांधून पश्चिमेला उभी केली, तर ती झळा अडवते आणि हवाही थोडी खेळती ठेवते, हे काम प्लास्टिकची जाळी तितके चांगले करत नाही. ताटीचा खालचा भाग जमिनीत वीतभर गाडावा आणि मागून बांबूचा टेकू द्यावा. सिमेंटच्या भिंतीला किंवा टिनाच्या पत्र्याला लागून असलेल्या वाफ्यांची अडचण वेगळी असते : भिंत दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता झाडांवर सोडत राहते. अशा भिंतीला चुन्याची सफेदी द्यावी आणि भिंत व झाडे यांच्यामध्ये पोते किंवा ताटी उभी करावी.

सावलीनंतर माती झाकण्याचे काम हाती घ्यावे. आच्छादनासाठी जे हाताशी असेल ते चालते. पश्चिम विदर्भात सोयाबीनचे कुटार (भुसा), भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस (पेंढा), इतरत्र गव्हांडा (गव्हाचा भुसा) किंवा वाळलेली पाने. थर तीन ते चार इंच जाड असावा, कारण पातळ थरातून ऊन थेट मातीपर्यंत पोहोचते. झाडाच्या खोडाभोवती दोन इंच जागा मात्र मोकळी ठेवावी, नाहीतर ओलसर काडीकचरा खोडाला चिकटून साल कुजते. आच्छादन पसरण्यापूर्वी वाफ्याला भरपूर पाणी द्यावे, कारण कोरड्या मातीवर टाकलेले कुटार कोरडेपणाच टिकवून धरते. वाळवीचा उपद्रव असलेल्या जागी कडुनिंबाचा पाला मिसळावा. आणखी एक सूचना गमतीची वाटली तरी गांभीर्याने घ्यावी : या दिवसांत विंचू गारव्याच्या शोधात अशाच आच्छादनाखाली आणि कुंड्यांच्या बुडाशी येऊन बसतात, म्हणून हात घालण्याआधी काडीने ढवळून पाहावे.

काळ्या मातीचा स्वभाव येथे विसरून चालत नाही. ती वाळली की आकसते, बोटभर रुंदीच्या भेगा पडतात, त्या भेगांतून खालच्या थराची ओल उडून जाते आणि बारीक मुळ्या ताणल्या जाऊन तुटतात. भेग दिसताच खुरप्याने वरची इंच-दीड इंच माती भुसभुशीत करून ती भेगेत लोटावी, त्यावर शेणखताचा चाळलेला भुगा पसरावा आणि मग झाकावे. या खुरपणीने वरचा थर सुटा होतो आणि खालचा ओलावा वर चढून उडण्याची वाट बंद होते. खोल खणणे मात्र टाळावे, कारण भाजीपाल्याची बरीच मुळे वरच्या सहा-आठ इंचांतच असतात.

आता पाणी. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हा हिशेब लक्षात ठेवल्यास अंदाज चुकत नाही. मे महिन्यात विदर्भात उघड्या पात्रातून दिवसाला १० मिलिमीटरहून अधिक पाण्याची वाफ होते. दहा बाय दहा फुटांचा वाफा सव्वानऊ चौरस मीटरचा असतो. तो पूर्ण वाढलेल्या झाडांनी भरलेला आणि उघड्यावर असेल, तर रोज ७० ते ९० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पाच-सहा बादल्या पाणी तो सहज पितो. सावली आणि आच्छादन केलेल्या वाफ्याची गरज यापेक्षा पुष्कळ कमी असते, आणि ज्या गावांत नळ दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येतो तेथे हा फरकच बाग राहणार की जाणार हे ठरवतो.

भारी काळ्या जमिनीला रोज शिंपडा मारण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर पाणी द्यावे. मुरमाड, हलक्या जमिनीला मात्र रोज थोडे थोडे द्यावे लागते. पाणी कुठवर पोहोचले हे पाहण्यासाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची लोखंडी सळई घ्यावी. पाणी दिल्यानंतर तासाभराने ती मातीत दाबली की ओल्या थरात सहज शिरते आणि कोरडा थर लागताच अडते. सळई सहा ते आठ इंच गेली तर पाणी पुरेसे झाले. वरून काळीशार दिसणारी माती दोन इंचांखाली कोरडी ठणठणीत असते, हे या सळईमुळे जितके लवकर कळते तितके नजरेने कळत नाही.

पाण्याची वेळ पहाटेची ठेवावी. सूर्य वर येण्याआधी माती आणि गच्चीवरच्या टाकीतील पाणी दोन्ही सर्वांत थंड असतात. संध्याकाळी सहाला त्याच टाकीचे पाणी हाताला चटका देते आणि उन्हात पडलेल्या पाइपातील पहिली बादली तर झाड पोळवण्याइतकी गरम असते. ते पाणी काढून रात्रभर ठेवावे आणि सकाळी वापरावे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी बागेला खुशाल घालावे. साबणाचे पाणी आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे वाया पाणी मात्र भाजीला देऊ नये. त्या वाया पाण्यात क्षार साठलेले असतात. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात तर मूळचे भूजलच खारे आहे, तेथे या पाण्याने पानांच्या कडा आठवड्याभरात करपू शकतात.

काकडी, दोडका, ढेमसे, दुधी अशा वेलांसाठी मडके पुरण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. पाच-सात लिटरचे, रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे आणि वेल त्याच्या भोवती चार-सहा इंचांवर असावेत. माती कोरडी होते तसे मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते, ओली असते तोवर थांबते. घरातला जुना माठ यासाठी वापरण्याचा मोह होतो, पण ज्या माठात पाणी गार होणे थांबले आहे तो येथेही निरुपयोगी असतो, कारण दोन्ही कामे ज्या बारीक छिद्रांवर चालतात ती क्षारांनी बुजलेली असतात. वेल उभे असताना मडके पुरायचे झाल्यास ते खोडापासून फूटभर लांब पुरावे, म्हणजे मुळे तुटत नाहीत.

दुपारी एक वाजता भोपळ्याची पाने छत्री मिटावी तशी लोंबताना दिसली की जीव कळवळतो आणि हात पाइपाकडे जातो. तो आवरावा. मोठ्या पानांतून त्या वेळी जितके पाणी उडते तितके मुळे ओढू शकत नाहीत, मग माती ओली असली तरी पाने मान टाकतात आणि सूर्य कलला की सावरतात. खरी परीक्षा सकाळी सहा वाजता करावी. त्या वेळीही पाने मलूल असतील तर पाण्याची गरज आहे किंवा मुळांना रोग आहे. मुळाजवळची चिमूटभर माती बोटांत दाबून पाहावी : ती भुगा होऊन पडली तर पाणी द्यावे, गोळा होऊन चिकटली तर देऊ नये. काळ्या मातीत दुपारच्या मलूलपणाला भिऊन रोज पाणी ओतल्याने मुळे कुजून मेलेली झाडे तहानेने मेलेल्या झाडांपेक्षा कमी नसतात.

कोणत्या भाजीसाठी किती खटपट करावी हेही ठरवून घ्यावे. कोथिंबीर, पालक आणि मेथी या उन्हात तुऱ्यावर येतात, त्यांच्यावर पाणी खर्च करू नये. टोमॅटोच्या बाबतीत दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचे २४-२५ अंशांच्या वर राहिले की परागकण निकामी होतात आणि फुले देठाशी पिवळी पडून गळतात. त्यावर फवारणीचा उपाय शोधण्यात अर्थ नाही. झाडावरची फळे तांबूस छटा दिसताच तोडून घरात पिकवावीत, कारण ३० अंशांच्या बऱ्याच वर लाल रंगद्रव्य तयार होणे थांबते आणि झाडावरच ठेवलेले फळ पिवळट-नारिंगी राहते, शिवाय उन्हाकडील बाजूस पांढरा, कागदासारखा डाग पडतो. गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा आणि घोळ यांना मात्र थोड्या पाण्यावर हे दिवस निभावता येतात. भेंडी ४२ अंशांपर्यंत साथ देते, पुढे तिचीही फुले गळतात. वांगे फळ देणे थांबवते, पण सहसा मरत नाही.

वेलवर्गीय भाज्यांत या दिवसांत नरफुले वाढतात आणि मादीफुले कमी येतात. जी येतात त्यांच्यासाठी मधमाश्याही पुरेशा फिरकत नाहीत, म्हणून परागीकरण हाताने करावे. काकडी, भोपळा आणि गिलक्याची फुले सकाळी उमलतात, त्यांचे काम आठच्या आत उरकावे. दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे दिवेलागणीला जावे. ताजे नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. मादीफूल ओळखणे सोपे आहे, त्याच्या बुडाशी नखाएवढे फळ आधीच दिसते.

कोरड्या उन्हात लाल कोळी आणि फुलकिडे झपाट्याने वाढतात. वांगी आणि भेंडीच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके आले, पान तांबूस पडले आणि खालच्या बाजूला विरळ जाळे दिसले की कोळी आला असे समजावे. पहाटे पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारल्यास बराच उपद्रव आटोक्यात येतो. त्यानेही न भागल्यास निंबोळी अर्क वापरावा : वाळलेल्या निंबोळ्यांचा ५० ग्रॅम भरड चुरा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, किंचित साबण मिसळून सूर्यास्तानंतर फवारावा. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीसाठी, घरात गंधकाची भुकटी असेल तर ती या दिवसांत कपाटातच राहू द्यावी. ३५ अंशांच्या वर गंधक पाने जाळते आणि वेलवर्गीय पिके त्यात सर्वांत आधी होरपळतात.

युरिया, ताजे शेण, मोठी छाटणी आणि रोपांची पुनर्लागवड या चार गोष्टी मृगापर्यंत पूर्ण बंद ठेवाव्यात. करपलेली पानेही लगेच काढू नयेत, ती खालच्या पानांना आणि फळांना सावली देतात. गच्चीवर कुंड्या असतील तर त्या विटांवर उचलून एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि बाहेरच्या रांगेतील कुंड्यांना ओले गोणपाट गुंडाळावे. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतील माती चारही बाजूंनी तापते, म्हणून तिला गोणपाटाची गरज सर्वांत अधिक.

मेअखेरीस एखाद्या संध्याकाळी वादळ उठते आणि अवकाळी सरी येतात. शेडनेट चारही कोपऱ्यांना घट्ट बांधलेली असल्यास वाऱ्याने फाटते किंवा बांबूसकट वाफ्यावर कोसळते. म्हणून दोन कोपऱ्यांना सहज सुटणारी गाठ मारावी आणि आभाळ भरून येताच ती सोडून जाळी गुंडाळावी. मृगाचा पाऊस लागल्यानंतरही जाळी एकदम भर दुपारी काढू नये. ढगाळ दिवस पाहून संध्याकाळी काढावी, मध्येच कडक ऊन पडले तर तीन-चार दिवस दुपारपुरती परत टाकावी. आच्छादन पाणी साचणाऱ्या जागेवरून बाजूला ओढावे. जमीन वीतभर ओली झाली की जुन्या वांग्याच्या फांद्या जमिनीपासून फूटभर ठेवून तिरप्या कापाव्यात, बुंध्याशी दोन ओंजळी कुजलेले शेणखत घालून माती चढवावी. नवी फूट साधारण दोन आठवड्यांत दिसू लागते.